छोट्या क्लबात रॉक ऐकायला जाताना : तिकिटापासून शेवटच्या लोकलपर्यंत

स्टेडियममधल्या मोठ्या कॉन्सर्टला फार डोकं चालवावं लागत नाही. तिकीट काढायचं, गर्दीबरोबर आत शिरायचं आणि बाजूच्या मोठ्या पडद्यावर दिसेल ते बघायचं. दोन-तीनशे माणसं मावतील एवढ्या क्लबात मात्र सगळं तुमच्या पायांवर असतं. चार पावलं डावीकडे सरकलात तर गायकाचा आवाज येतो, चार पावलं उजवीकडे गेलात तर नुसता बेस. त्यामुळे पहिल्यांदा गेलेली बरीच माणसं "आवाज फार होता, शब्द काही कळले नाहीत" म्हणत परततात आणि पुन्हा फिरकत नाहीत. बँड चांगला असतो, ती उभी चुकीच्या जागी राहिलेली असतात.

हा लेख मुंबईतलं लोअर परळ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय. पुण्यात कोरेगाव पार्क-मुंढव्याकडे जाणाऱ्यांनी लोकलचा भाग गाळून बाकीचं घ्यावं.

लोअर परळच का, तर त्याला कारण आहे. मुंबईत रॉक वाढलं ते उघड्यावर. 1986 साली 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला आणि धोबीतलावचं रंगभवन हे त्या गर्दीचं माहेरघर बनलं. पण शेजारी कॉलेज, जवळच रुग्णालयं. शांतता क्षेत्राचे नियम कडक झाले आणि रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले. त्यात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला मनाई केली, बंदिस्त जागेला मात्र सवलत ठेवली. मग रॉक छपराखाली गेलं. छपरं कुठे होती? बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारात. मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 2007 ते 2016 'ब्लू फ्रॉग' हा क्लब चालला, आणि आज 'अँटीसोशल' हा क्लबही लोअर परळमध्येच आहे. ज्या गिरणगावात 1982 चा संप झाला तिथे आता शनिवारी रात्री डबल बेस ड्रम घुमतो. याचं काय वाटून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण एन. एम. जोशी मार्गावरून चालताना ते नाव एका कामगारनेत्याचं आहे एवढं तरी माहीत असावं.

गिग निवडताना

गिग म्हणजे बँडचा असा छोटा कार्यक्रम. क्लबच्या आणि बँडच्या इन्स्टाग्राम पानावर पोस्टर येतं, तिकिटं बुकमायशो, डिस्ट्रिक्ट किंवा स्किलबॉक्सवर मिळतात. पोस्टर नीट वाचा. तीन बँडची नावं असतील तर सगळ्यात मोठ्या अक्षरातला बँड शेवटी वाजवणार. "रात्री 8" लिहिलं असेल तर ती बहुतेक वेळा दार उघडायची वेळ असते, पहिला सूर नऊच्या आसपास लागतो. नक्की वेळ हवी असेल तर त्या दिवशी दुपारनंतर बँडची स्टोरी बघा. बरेच बँड कोण कधी वाजवणार याचा तक्ता तिथे टाकतात.

तिकीट आणि कव्हर चार्ज यांत गल्लत होते. काही ठिकाणी दारावर भरलेले पैसे खाण्यापिण्यात वळते होतात, काही ठिकाणी ते फक्त प्रवेशाचे असतात. तिकिटाखालच्या बारीक अक्षरांत हे दिलेलं असतं. आगाऊ काढलेलं तिकीट दारावरच्यापेक्षा सहसा स्वस्त पडतं. आणि 'गेस्ट लिस्ट'वर, म्हणजे फुकट आत सोडायच्या यादीत, नाव घालून घ्यायच्या मागे लागू नका. छोट्या बँडला मिळणारा वाटा बऱ्याचदा तिकीटविक्रीवरच ठरतो. पाचशे रुपये वाचवून मित्राच्याच बँडचं नुकसान करण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदाच जात असाल तर स्वतःची गाणी वाजवणारा बँड निवडा, नुसती इंग्रजी कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवणारा नको. कव्हर ऐकताना मन सारखं मूळ गाण्याशी तुलना करत राहतं. शिवाय हा झगडा आपल्याकडे जुना आहे. 1984 साली मुंबईत 'रॉक मशीन' म्हणून सुरू झालेला आणि 1993 मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतलेला बँड स्वतःची गाणी घेऊन उभा राहिला, त्यानंतरच्या पिढ्यांना तो रस्ता थोडा सोपा झाला.

त्या दिवशी

ज्यांना ऐकायला जाताय त्यांची तीन-चार गाणी आधी ऐकून घ्या. ओपनिंग, म्हणजे आधी वाजवणाऱ्या, बँडचीही. क्लबात शब्द निम्मेच कानावर पडतात. गाणं ओळखीचं असेल तर उरलेले मेंदू भरून काढतो, अनोळखी असेल तर सगळा गोंगाटच वाटतो.

पोटभर खाऊन जा. क्लबात जेवण महाग असतं आणि उभ्याने, अंधारात, एका हातात ग्लास धरून खाण्यात मजा नाही. लोअर परळला फास्ट लोकल थांबत नाही, म्हणजे बहुतेकांना दादरला गाडी बदलावी लागतेच. तिथे उतरून 'आस्वाद'ची मिसळ किंवा 'प्रकाश'चा साबुदाणा वडा खाऊन पुढची स्लो पकडायची, हा माझ्या मते संध्याकाळचा सर्वोत्तम आराखडा. मध्य रेल्वेवाल्यांनी करी रोडला उतरावं, पण तिथेही स्लोच थांबते.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. काळा टी-शर्ट हा गणवेश आहे असं चेष्टेने म्हणतात, सक्ती कुणीच करत नाही. सुती कपडा घाला, कारण एसी कितीही असला तरी दोनशे माणसांपुढे तो हरतो. पायात बंद बूट हवेत. चप्पल किंवा सँडल घालून आलात तर पहिल्या दोन गाण्यांतच कुणीतरी अंगठ्यावर उभं राहील. मोठी सॅक आणू नका. ऑफिसातून थेट येत असाल तर लॅपटॉप ऑफिसातच ठेवा, सगळीकडे सामान ठेवायची सोय नसते. चष्मा असेल आणि पुढे घुसायचा विचार असेल तर मागे दोरी लावून घ्या. फोन पुढच्या खिशात, शक्यतो चेनच्या.

दारावर

मूळ ओळखपत्र किंवा डिजिलॉकरमधलं चालतं, स्क्रीनशॉटवर सहसा हुज्जत होते. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25 पूर्ण लागतं, त्यामुळे बरेच क्लब 21 खालच्यांना दारातूनच परत पाठवतात. काही गिग सर्व वयांसाठी असतात, तसं पोस्टरवर लिहिलेलं असतं. आत जाताना मनगटावर पट्टी बांधतात किंवा शिक्का मारतात. पुन्हा बाहेर जाता येतं का, हे तेव्हाच विचारून ठेवा. "एकदा बाहेर म्हणजे बाहेर" असा नियम असला तर सिगारेटसाठी खाली उतरलेला माणूस अर्धी रात्र फुटपाथवर काढतो.

आत शिरल्याशिरल्या बारकडे धावू नका. आधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधा. लोअर परळमध्येच, कमला मिल्सच्या आवारात, 29 डिसेंबर 2017 ला, मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना आग लागली आणि 14 माणसं गेली. बरेच जण प्रसाधनगृहात अडकून धुराने गुदमरले. 2003 मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या 'द स्टेशन' क्लबात रॉक शो चालू असताना स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीच्या फोमने पेट घेतला, 100 जण मेले. ज्या दाराने आत आलो त्याच दाराकडे बहुतेक सगळे धावले आणि तिथेच चेंगरले. बाजूला, किचनकडे, स्टेजमागे, कुठेतरी दुसरं दार असतंच. ते साखळीने बांधलेलं किंवा खोक्यांनी अडवलेलं दिसलं तर मॅनेजरला सांगा. बंदिस्त क्लबात स्टेजवर ठिणग्या उडवणारी नळकांडी दिसली तर मी दाराजवळच उभं राहीन, बँड कितीही लाडका असो.

कुठे उभं राहायचं

आता मुख्य मुद्दा. मोठ्या मैदानात सगळा आवाज स्पीकरमधून येतो. छोट्या क्लबात तो दोन ठिकाणांहून येतो. ड्रम्स तर मुळातच इतके जोरात वाजतात की त्यांना माइकची फारशी गरज नसते. गिटारचे अँप, म्हणजे तिचा आवाज वाढवणारे खोके, तो स्टेजवरूनच थेट तुमच्यावर फेकतात. गायकाचा आवाज मात्र फक्त वर टांगलेल्या किंवा बाजूला उभ्या केलेल्या स्पीकरमधून येतो. हे स्पीकर बऱ्याचदा पहिल्या रांगेच्या डोक्यावरून मागच्या गर्दीवर रोखलेले असतात. म्हणून अगदी पुढे, मधोमध उभ्या असलेल्या माणसाला ड्रम आणि गिटार कानफाडून ऐकू येतात आणि गायक नुसता तोंड हलवताना दिसतो. त्याच्या पायाशी जो तिरका स्पीकर असतो तो मॉनिटर, त्याच्यासाठीच असतो. तुमच्याकडे त्याची पाठ असते.

त्यात गिटारचा अँप टॉर्चच्या झोतासारखा वागतो. त्याच्या अगदी समोर उभे राहिलात तर तीक्ष्ण, कान कापणारा आवाज, दोन पावलं बाजूला सरकलात की एकदम मऊ. खालचे सूर उलटे. ते सगळीकडे पसरतात आणि भिंतीपाशी, विशेषतः कोपऱ्यात, साचतात. कोपऱ्यात उभं राहून "बेस फार आहे" म्हणणाऱ्यांना कोपरा सोडा एवढंच सांगावं लागतं.

मग उभं राहायचं कुठे? साउंड इंजिनिअरचा कन्सोल शोधा. तो बहुधा मागच्या बाजूला, स्टेजसमोर असतो, छोटे दिवे लुकलुकत असतात आणि एक माणूस हेडफोन एका कानावर धरून उभा असतो. तो जे ऐकतो त्यावरून सगळं मिश्रण ठरवतो. त्यामुळे त्याच्या थोडं पुढे, त्याची नजर न अडवता उभं राहणं म्हणजे खोलीतली सगळ्यात चांगली खुर्ची. काही क्लबांत जागेअभावी कन्सोल कोपऱ्यात किंवा बाजूला कोंबलेला असतो. तिथे मात्र हा नियम चालत नाही, तेव्हा खोलीच्या मध्यरेषेवर, स्टेजपासून दोन-तृतीयांश अंतरावर उभे राहा.

पहिल्या बँडला आवाज जरा कर्कश आणि घुमणारा वाटेल. इंजिनिअरला दोष देऊ नका. साउंडचेक संध्याकाळी रिकाम्या खोलीत झालेला असतो. माणसांची शरीरं आणि कपडे वरचे सूर शोषून घेतात, खोली भरत जाते तसा आवाज बदलत जातो, आणि तो बिचारा गाण्यागणिक मिश्रण दुरुस्त करत असतो. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर फरक कळतो.

माझी पद्धत अशी: ओपनिंग बँड कन्सोलपाशी, मुख्य बँडची पहिली दोन-तीन गाणीही तिथेच. मग आवडत्या गाण्याला पुढे. तिथे शब्द ऐकू येत नाहीत, पण बेस गिटार वाजवणाऱ्याची बोटं दिसतात, ड्रमर काठी चार वेळा आपटून गाणं सुरू करतो ते दिसतं, दोघे नजरेने एकमेकांना "आता संपवू" म्हणतात तेही दिसतं. त्यासाठीच तर छोट्या क्लबात यायचं. शेवटच्या गाण्यांना पुन्हा मागे.

कानांची काळजी

कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या 'नायॉश' संस्थेचा हिशेब असा आहे: 85 डेसिबलला आठ तास ठीक, आणि दर 3 डेसिबलमागे वेळ निम्मा. म्हणजे 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली. छोट्या क्लबात ड्रमसमोर ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि तुम्ही तिथे तीन तास असता.

उपाय स्वस्त आहे. मेडिकलच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. पण घालायचे कसे हे कुणी सांगत नाही, म्हणून निम्मे लोक ते कानाच्या तोंडाशी नुसते चिकटवतात आणि "काही उपयोग नाही" म्हणतात. हात स्वच्छ धुवा. प्लग चिमटीत धरून समईची वात वळावी तसा वळा, सुरकुती न पडता जितका बारीक होईल तितका. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. पटकन प्लग आत सरकवा आणि बोटाचं टोक त्यावर वीस-तीस सेकंद ठेवा. फोम फुगताना जाणवतो, बाहेरचा आवाज हळूहळू दूर जातो. बरोबर बसला असेल तर समोरून बघणाऱ्याला तो जेमतेम दिसतो.

फोमचा तोटा एकच, तो वरचे सूर जास्त कापतो आणि झांजा बोथट वाटतात. नेहमी जाणार असाल तर संगीतासाठी बनवलेले, फिल्टर असलेले प्लग घ्या. ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात. गंमत म्हणजे प्लग घातल्यावर गायकाचे शब्द बऱ्याचदा जास्त स्पष्ट कळतात, कारण कान दबलेला नसतो. लाज वाटत असेल तर ड्रमरकडे बघा, त्याच्या कानात काहीतरी नक्की असेल.

दोन बँडच्या मध्ये

पंधरा-वीस मिनिटांची ही वेळ बहुतेक जण बारच्या रांगेत घालवतात. तुम्ही शेवटचं गाणं संपायच्या जरा आधी बारकडे जा, आणि रांग लागेल तेव्हा स्टेजजवळ या. वायरी गुंडाळल्या जातात, नवा ड्रमर आपली झांज आणि स्नेअर (काठीने वाजवायचा तडतडणारा छोटा ड्रम) लावतो, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलचा बोर्ड जमिनीवर ठेवला जातो, गाण्यांची यादी लिहिलेला कागद टेपने मॉनिटरला चिकटवला जातो. मग इंजिनिअर माइकवर सांगतो, "किक द्या," म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. धप, धप, धप. "स्नेअर." एकेक वाद्य तो वेगळं ऐकतो. कोणता आवाज कोणत्या वाद्याचा हे ज्याला कळत नाही त्याला हा पाच मिनिटांचा फुकटचा वर्ग आहे. पाणीही याच वेळी प्या. बाटलीबंदच घ्या असा आग्रह झाला तरी साधं पाणी मागायला संकोचू नका.

पिट

मेटल किंवा हार्डकोर, म्हणजे रॉकच्या जास्त आक्रमक प्रकारांचा, गिग असेल तर स्टेजपुढे मोकळं वर्तुळ तयार होतं आणि माणसं एकमेकांवर आदळू लागतात. तोच मॉश पिट. बाहेरून मारामारी वाटते, पण आत नियम असतात आणि पाळलेही जातात. कुणी पडलं की तिथल्या तिथे थांबून उचलायचं. कोपर आणि मुठी खाली. चष्मा, बूट, फोन पडला तर हात वर करून दाखवायचा, लोक जागा करून देतात. ज्याला नको आहे त्याला आत ओढायचं नाही. वर्तुळाच्या कडेवर उभी असलेली आडदांड मंडळी मागच्यांना ढाल देतात, नवख्याने त्यांच्या मागे उभं राहावं. गर्दी मधोमध फाटून दोन भिंती समोरासमोर उभ्या राहायला लागल्या तर पुढच्या ठेक्याला त्या एकमेकींवर धावणार आहेत. मध्ये उभे असाल तर निघा.

अंधाराचा आणि गर्दीचा फायदा घेऊन कुणी अंगचटीला आलं तर ते पिटचा भाग नव्हे. सरळ बाउन्सरला किंवा कन्सोलवरच्या माणसाला सांगा. कन्सोलवाला स्टेजवर कळवू शकतो, आणि चांगला बँड गाणं थांबवतो. मैत्रिणींनी ठरावीक भेटायची जागा आधीच ठरवून ठेवलेली बरी, कारण आत फोनला रेंज असेलच असं नाही.

मान हलवायची तर पहिल्या गाण्यापासून जोर लावू नका. पस्तिशीनंतर तर मुळीच नको.

फोन, गप्पा आणि वन्स मोअर

एखाददुसरं गाणं चित्रित करा, फ्लॅश बंद ठेवून, हात छातीच्या उंचीवर. घरी ऐकाल तेव्हा बहुधा नुसता खरखराट असेल, कारण फोनचा माइक एवढा आवाज पेलत नाही. हळू गाण्यात मोठ्याने गप्पा मारणारे हा क्लबचा खरा शाप. बोलायचं असेल तर मागे बारकडे जा.

शेवटच्या गाण्यानंतर ओरडायला लाजू नका. संगीत नाटकाला वन्स मोअर देणाऱ्या लोकांना हे शिकवायची गरज नाही. फरक इतकाच की तिथे तेच पद पुन्हा ऐकायचे, इथे वेगळं गाणं मिळतं. पण दिवे लागले आणि डीजेचं संगीत सुरू झालं की विषय संपला. क्लबला पुढचा कार्यक्रम सुरू करायचा असतो.

बँडचं टी-शर्टचं टेबल दाराजवळ असतं. आवडलं असेल तर एक घ्या, यूपीआय चालतं. वादकांशी बोलायलाही हरकत नाही, मोठ्या कॉन्सर्टला हे सुख कुठे? मात्र ते वायरी गुंडाळून सामान उतरवत असताना मध्ये जाऊ नका, पुढच्या बँडसाठी स्टेज रिकामं करायची घाई असते. दहा मिनिटांनी तेच वादक स्वतःहून टेबलापाशी येऊन उभे राहतात. "छान वाजवलंत" पेक्षा "ते मधलं संथ गाणं कुठे ऐकायला मिळेल?" हा प्रश्न त्यांना जास्त आवडतो.

घरी

चर्चगेटहून शेवटची लोकल साधारण एकच्या सुमारास सुटते. मध्य रेल्वेवर कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या त्याआधीच संपतात, तिकडच्यांनी वन्स मोअरचा मोह आवरावा. निघण्याआधी ॲपवर वेळ बघा, आणि शनिवारची रात्र असेल तर ब्लॉक आहे का तेही बघा. रात्रकालीन ब्लॉक बऱ्याचदा शनिवारीच असतो. महिलांच्या डब्यात रात्री पोलीस असतो. पुण्या-नाशिकहून येणाऱ्यांना एक सांगायला हवं: लोअर परळला रिक्षा मिळत नाही, रिक्षा बांद्रा आणि सायनपासून पुढे. इथे टॅक्सी. गिग सुटल्या सुटल्या ॲपवरचं भाडं चढतं, अशा वेळी मिल कंपाउंडच्या गेटवर न थांबता मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा, काळी-पिवळी मिळते. मध्यरात्रीनंतर मीटरवर जादा आकार लागतो, तो कायदेशीर आहे, भांडू नका.

दुसऱ्या दिवशी कानात बारीक शिट्टी वाजत असेल तर दिवसभर हेडफोन लावू नका. सहसा ती संध्याकाळपर्यंत विरते. दोन दिवसांनंतरही गेली नाही किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे लगेच जा, आठवडाभर वाट बघू नका.